दुमजली टोपी

"डोकं इकडे कर," मी म्हटलं, तर कस्तुरी मागे सरली आणि पाठीशी धरलेला पितळी तांब्या तिने माझ्यापुढे उपडा ठेवला.

"बाई, ह्याच्यावर मापा."

टोप्या विणण्यात माझी उमर गेली. डोंगरावरच्या आमच्या गावात डिसेंबरची थंडी पाहुण्यांना अशी काही झोंबते की मफलर-टोपी घेतल्याशिवाय कुणी बाजारातून हलत नाही, आणि तिथल्या दुकानांत लटकणाऱ्या निम्म्या टोप्या तेव्हा माझ्या ओसरीवरून गेलेल्या असत. टकली डोकी, कुरळी डोकी, तान्ह्या बाळांची डोकी, सगळी मी मापलेली. तांब्याला टोपी घालायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली होती.

"तांब्याला सर्दी झालीय का गं?" मी विचारलं.

एरवी माझ्या खवचट बोलण्यावर खुदकन हसणारी ती पोर त्या दिवशी हसली नाही. डोक्यावरची ओढणी तिने आणखी पुढे ओढली.

"वर बांधलेले केस आत मावले पाहिजेत, बाई. बाहेरून दिसायला नकोत. आणि शाळेत कुणी ओढली तरी टोपी निघायला नको."

ती केस म्हणाली, मीही केस म्हटलं. खरं काय ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. तिच्या डोक्यावर जट आली होती.

कस्तुरी आणि तिची आई निलव्वा माझ्या घरामागच्या खोलीत राहत. निलव्वा जतच्या पलीकडची, कर्नाटकाला लागून असलेल्या एका खेड्यातली. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन स्ट्रॉबेरीच्या मळ्यात मजुरीला आली ती इथलीच झाली. सकाळी माझ्याकडची धुणीभांडी, मग दिवसभर मळा. लेक शाळेतून सुटली की माझ्या ओसरीवर. मी तिला क्रोशा शिकवला. बोटं इतकी हलकी की साखळी घालायला शिकवली आणि आठवड्यात पोर खांब घालून मोकळी. दहावी होऊ दे, मग हिला साताऱ्याला नर्सिंगला घालू, असं माझ्या मनात होतं. तिच्याही मनात तेच होतं, ते तर ती झोपेतसुद्धा बोलत असेल. आणि केस म्हणाल तर कमरेखाली जाणारे. माझी वेणी म्हणजे उंदराची शेपटी, त्यामुळे मला तिच्या केसांचा हेवा वाटायचा आणि तसं मी तिला तोंडावर सांगायची.

त्या वर्षी मायलेकी दिवाळीला गावी गेल्या. परत आल्या आणि कस्तुरीच्या केसांत गुंता व्हायला लागला. विंचरू म्हटलं तर ती हात लावू देईना. बघता बघता डोक्याच्या मागच्या बाजूला मनगटाएवढी जाड, राठ जट तयार झाली. निलव्वाने तिच्यावर भंडारा टाकला, मंगळवारी उदबत्ती ओवाळली आणि गावाला निरोप धाडला की पोरीला यल्लूआईचं बोलावणं आलंय.

त्या बोलावण्याचा अर्थ मला निलव्वानेच सांगितला होता. तिच्या सासूच्या बहिणीला अशीच जट आली, म्हणून तिला देवीला सोडली आणि ती जन्मभर परडी घेऊन दारोदार फिरली. आता चैत्रात कस्तुरीला देवीच्या डोंगरावर न्यायचं, तिच्या गळ्यात देवीच्या नावाची माळ घालायची, असं गावाकडे ठरत होतं. एकदा ती माळ पडली की शाळा संपली, नर्सिंग संपलं, सगळंच संपलं.

मी देव मानत नाही. आमचे हे गेले तेव्हा मी दहावं-बारावं काही केलं नाही, देवळाची पायरी आजवर चढले नाही, आणि त्याबद्दल गावात माझ्यामागे जे बोललं जातं ते मला पाठ आहे. त्यामुळे ही जट म्हणजे माझ्या डोक्याला तापच झाला. निलव्वा भांडी घासायला आली की मी तिच्यापुढे बसून सुरू करायची. न विंचरलेले, ओलेच बांधलेले केस गुंततात, चिकटतात, लोकरीसारखे घट्ट बसतात, ह्यात देवी कुठून आली, असं मी तिला परोपरीने सांगितलं. ती मान हलवायची आणि तव्याला राख लावायची.

एकदाच ती उलटून बोलली. "बाई, तुमी शिकलेल्या. पर आईचं देणं हाय ते, त्याला म्या काय करू? पोरीला सोयरीक आलेली, ती बी थांबली."

"थांबली ते उत्तम झालं," मी म्हटलं. "पंधरा वर्षांच्या पोरीला कसली सोयरीक?"

निलव्वाने माझ्याकडे नीट पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तिने नळ सोडला आणि भांडी विसळायला घेतली.

मग मी माझ्या मार्गाने गेले. साताऱ्याला हेमलताताई नावाच्या एक बाई होत्या. गावोगाव हिंडून बायकांची समजूत घालायच्या आणि त्यांच्या संमतीने, त्यांना जरासुद्धा न दुखवता जटा कापून द्यायच्या. त्यांना जाऊन भेटले. आई हो म्हणाली की कधीही बोलवा, लगेच येते, असं त्या म्हणाल्या. घरी येऊन कस्तुरीला सांगितलं तर तिचा चेहरा पडला.

"परीक्षेपर्यंत राहू द्या ना, बाई," ती म्हणाली. "तोवर नुसती टोपी द्या करून."

अशी चुणचुणीत पोर आणि हिच्याही हाडात देवी शिरली, म्हणून मला इतकं वाईट वाटलं की मी उठून आत गेले.

तरी टोपी विणायला घेतली. थंडी होती, पोर खोकत होती आणि शाळेत गणवेशाच्या निळ्या रंगाची टोपी चालत होती. अंबाडा घालणाऱ्या बायकांना मी वरून भोक असलेली टोपी करून देत असे. रबराच्या कड्याभोवती साखळी घालून सुरुवात करायची आणि खाली उतरत जायचं, की अंबाडा ऐटीत बाहेर बसतो. पण इथे तर सगळं झाकायचं होतं. म्हणून कानापासून टाळूपर्यंत नेहमीसारखी टोपी विणली, तिथे रबर घालून ती आवळली आणि त्याच्यावर परत टाके वाढवत तांब्याच्या आकाराची खोळ काढली. खाली डोकं, वर जट. मी तिला दुमजली टोपी म्हणायला लागले. त्यातच माझी बारीक क्रोशाची सुई सापडेना, आणि काळपट तपकिरी, कातबोळी रंगाचा लोकरीचा एक गुंडाही टोपलीतून गेला होता. मांजराला दोन शिव्या घातल्या आणि जाड सुईने काम उरकलं.

खोळीचे शेवटचे टाके राहिले असताना निलव्वा एका सकाळी माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बोलवा त्या ताईस्नी. काढून टाकू द्या."

मला खरं वाटेना. मी तिला दोनदा विचारलं. ती म्हणाली, माझा भाऊ पण त्या दिवशी येतोय, त्याच्या डोळ्यांदेखत झालेलं बरं. त्या दिवशी मी बाजारात गेले ती हवेतच. शेवटी माझ्या सांगण्याला यश आलं, असं भेटेल त्याला सांगत होते.

हेमलताताई यायच्या त्या दिवशी सकाळी कस्तुरी ओसरीवर आली. आज तिच्या डोक्यावर ओढणी नव्हती. जट गोल गुंडाळून वर बांधली होती आणि तिच्यावर भंडाऱ्याची पिवळी पूड दिसत होती.

"आईनं पाठवलं," ती म्हणाली. "टोपी घालून बघ म्हणाली."

जट तर आज जाणार, मग टोपी कशाला, असं माझ्या मनात आलं. पण स्वतः विणलेली टोपी डोक्यावर चढलेली बघायचा मोह मला आवरत नाही. तिला समोर बसवली. टोपी बरोबर बसली, कान झाकले गेले, फक्त वरच्या मजल्याचं रबर जटेच्या मुळाशी कशाला तरी अडकलं. मी सोडवायला हात घातला तर तिने माझं मनगट पकडलं.

"नको, बाई."

"अगं, अडकलीय. थांब जरा."

चष्मा लावला आणि वाकून बघितलं. जटेतून एक बारीकसा फासा वर आला होता आणि रबर त्यात गुंतलं होतं. फासा कातबोळी रंगाचा होता. मी तो नखाने ओढला. तो सुटत आला, त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा.

ती साखळी होती. साधी साखळीसुद्धा नव्हे. सुईला एक जादा वेढा देऊन घातलेला तो टाका माझा आहे, तो मला आईने शिकवला होता आणि मी एकाच मुलीला शिकवला होता. मी ओसरीच्या कट्ट्यावर टेकले आणि नुसती त्या दोऱ्याकडे बघत राहिले.

"हे कुणी केलं?"

"मी," कस्तुरी म्हणाली.

तिने स्वतःच सांगायला सुरुवात केली, खाली मान घालून, शाळेत उत्तर म्हणून दाखवावं तशी. "केसांच्या बटेत सुई घालायची, शेजारची बट आत ओढून घ्यायची, परत घालायची. आई मळ्यात गेली की मोरीत बसून करायची. वरून वडाचा चीक लावला. केस पुरेनात तिथं तुमची लोकर घातली. सुई माझ्याकडून हरवली, बाई. मी भरून देईन."

एवढे सुंदर केस. एवढी मोठी मी बाई, महिनाभर ह्या पोरीला विज्ञान समजावत होते.

"पण का गं?"

"मामा," ती म्हणाली.

दिवाळीत गावी गेल्या तेव्हा आजीने ठरवून टाकलं होतं. सिदराम मामाची बायको गेल्या वर्षी गेली, पदरात दोन पोरं. घरातली पोरगी घरातच राहील, पोरांना परकी आई नको, म्हणून कस्तुरी. माघात लग्न, म्हणजे परीक्षेच्या आधीच. आजी कुणालाच भीत नाही, फक्त देवीला भिते. देवीने धरलेली पोर सून म्हणून घरात घ्यायची तिची हिंमत झाली नाही, म्हणून लग्न थांबलं. पण आता मामा म्हणाला होता की कुणी जट काढून देत असेल तर काढून घ्या. काही वाईट झालं नाही तर मी तिला घेऊन जातो.

"म्हणून आज येतोय तो?"

तिने मान हलवली.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही भांडला असता. तुम्हाला पोटात ठेवता येत नाही, बाई."

हे खरंच होतं. "आणि आईला?"

"आई मामाला कधी नाही म्हणत नाही."

ह्या पोरीने आपले केस खराब करून जे थांबवून धरलं होतं ते मी साताऱ्याला जाऊन, गाडीभाडं खर्चून, मोठ्या हौसेने मोडायला निघाले होते. पोलीस, शाळेच्या मोठ्या बाई, कायदा, सगळं डोक्यात येऊन गेलं. पण सुट्टीचं निमित्त करून तो तिला उद्याच गावी घेऊन गेला असता, तर तिथे लागलेलं लग्न मला इथे कळलं तरी असतं का? तेवढ्यात बाहेर जीपचं दार वाजलं.

अंगणात निलव्वाने सतरंजी अंथरली होती. हेमलताताईंनी पिशवीतून कात्री, कंगवा, तेलाची बाटली काढून ओळीने मांडली आणि त्या निलव्वाला हळू आवाजात धीर द्यायला लागल्या. पारिजातकापाशी सिदराम उभा होता. मी मनात कुणी आडदांड बाप्या रंगवला होता, पण हा तिशी ओलांडलेला, स्वच्छ टोपीतला, खाली बघून बोलणारा माणूस निघाला. त्याने मला हात जोडले. त्याच्या पिशवीतून हिरव्या लुगड्याची घडी वर आली होती.

कस्तुरी माझ्यामागून आली, डोक्यावर दुमजली टोपी तशीच. हेमलताताई तिला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "ये बाळ, बस. टोपी काढ बरं."

कात्री लागली की लोकर बाहेर पडणार होती. आणि देवीचं सोंग केलं म्हणून ह्या पोरीचं आणि तिच्या आईचं गावात काय झालं असतं, ते मला माहीत होतं. लोकर समजा कुणाला दिसली नसती, तर ते हिरवं लुगडं होतंच. निलव्वा हेमलताताईंकडे बघत नव्हती, कात्रीकडे बघत नव्हती, ती सारखी माझ्याकडे बघत होती.

"कात्री आत ठेवा, ताई," मी म्हटलं.

हेमलताताईंना वाटलं मी काही तयारीचं बोलतेय. "का हो, पाणी आणायचंय का?"

"कापायची नाही. आत्ता मी हिच्या जटेला हात लावला." मी हात पुढे केला. तो कापत होता. ते सोंग नव्हतं, ओसरीवर बसलेला धक्का अजून अंगात होता. "ही आईची आहे. हिला कुणी हात लावायचा नाही. पोर आहे तिथेच राहील, शाळेत जाईल, आणि हिला इथून कुणी हलवायची नाही."

मग मी वाकले. माझे गुडघे तेव्हाही दुखायचे, ते मोठ्याने वाजले. ज्या बाईने कधी देवळात मान लववली नाही तिने भर अंगणात, पंधरा वर्षांच्या पोरीच्या गारठलेल्या पायांवर डोकं टेकलं. कस्तुरी जागची हलली नाही.

उठून बघते तर सिदरामचा चेहरा पांढराफटक पडलेला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, लांबूनच भाचीला नमस्कार केला आणि बहिणीला म्हणाला, "अक्का, ह्या बाई म्हनत्यात म्हंजे खरंच हाय. आपुन ह्यात पडाया नगं." चहालाही न थांबता तो दुपारच्या गाडीने निघून गेला. लुगड्याची घडी पिशवीतच होती.

हेमलताताईंनी सामान आवरलं. फाटकापाशी थांबून त्या मला म्हणाल्या, "निदान तुमच्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती." मी गप्प राहिले, कारण सिदराम अजून रस्त्यावर दिसत होता. पुढे त्यांच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं, त्यांनी मोठ्या मनाने ऐकलंही. पण त्या सकाळी त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी अजून विसरलेले नाही.

कस्तुरीने दहावीचे सगळे पेपर त्या टोपीत दिले.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी निलव्वा मळ्यात गेली नाही. ती ओसरीवर आली, हातात खोबरेल तेलाची वाटी आणि कंगवा. मागे कस्तुरी होती, तिलाही काही कळलेलं दिसत नव्हतं.

"सिदरामचं लगीन लागलं, बाई," निलव्वा म्हणाली. "विजापूरकडची बाई हाय, नवऱ्यानं टाकलेली. चांगली हाय म्हनत्यात." एवढं बोलून तिने लेकीला माझ्यासमोर बसवलं. "आता हे सोडवा."

"सोडवू? आणि गावाला काय सांगशील?"

"आईनं दिली, आईनंच नेली."

मग तिने पदराची गाठ सोडली आणि त्यातून काढून माझी बारीक सुई माझ्या तळहातावर ठेवली. दिवाळीनंतर हरवलेली, टोकाशी जरा वाकलेली.

मी सुईकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तिच्या अंथरुनात घावली तवापासनं. पोरीचे केस जन्मापासनं म्या विंचरलेत, बाई. मला न्हाई कळनार?"

"मग तू भंडारा लावलास, गावाला निरोप धाडलास..."

"लावला."

"आणि तरी जट काढायला हो म्हणालीस?"

निलव्वा खाली बसली. पहिल्यांदाच मला तिचा आवाज फुटलेला ऐकू आला. "मालक गेल्यावर आमास्नी भावानं जगवलं. त्याच्या म्होरं न्हाई म्हनाया माझी जीभ उचलत न्हाई. त्यो म्हनला जट काढा, म्या हो म्हटलं. मग तिला तुमच्याकडं धाडली, टोपी घालून बघ म्हनून." तिने नाक पुसलं. "जट आईचीच हाय म्हनून आमच्यापैकी कुनी सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं. तुमी देव मानत न्हाई, हे त्याला बी ठावं हुतं."

मी तिला महिनाभर शिकवत होते, आणि तिने एका सकाळी मला तिच्या लेकीसमोर नेऊन बसवलं होतं.

कस्तुरी आईकडे वळली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून राहिली. निलव्वाने लेकीच्या डोक्यावरची निळी टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"कुठनं उसवायचं ते तुमालाच म्हाईत," ती म्हणाली.

मी चष्मा लावला आणि जटेच्या टोकाला शेवटचा टाका शोधायला लागले.